एका फाइलच्या प्लगिनला व्हीलचा थाट कशाला?

रामबागी
इंदूरच्या गणेशोत्सव मंडळांसाठी वर्गणीच्या पावत्या काढणारं फ्लास्क या पायथन वेब फ्रेमवर्कवरचं ॲप घ्या. पावतीवर रक्कम अक्षरी लागते, कुणाला मराठीत, कुणाला हिंदीत. ५९ म्हटलं की एकीकडे एकोणसाठ, दुसरीकडे उनसठ. भाषेसाठी मूळ ॲपला हात लावायचा नाही म्हणून प्लगिन, म्हणजे बाहेरून जोडायचा कोडचा तुकडा, इथवर वाद नाही. पण त्यासाठी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (पॅकेजची माहिती देणारी फाइल), बिल्ड, व्हील (इन्स्टॉल करायला तयार पायथन पॅकेज), वेगळा व्हर्जन नंबर हे सगळं कशाला? ‘प्लगिन्स’ नावाचं फोल्डर ठेवा, त्यात प्रत्येक भाषेची एक फाइल, प्रत्येक फाइलमध्ये ‘अक्षरी’ नावाचं एक फंक्शन. ॲप सुरू होताना फोल्डर वाचायचं आणि इम्पोर्ट करायचं. दहा-बारा ओळींचं काम. डेटासेट या पायथन वेब ॲपलासुद्धा प्लगिन्सचं फोल्डर सरळ दाखवता येतं.

कोरडं जिरावण
त्या दहा-बारा ओळींत पहिली ओळ बहुतेक फोल्डर सिस डॉट पाथमध्ये, म्हणजे पायथन जिथे जिथे मॉड्यूल शोधतो त्या यादीत, घालण्याची असेल. मग अंकांच्या फाइलला कुणीतरी ‘नंबर्स डॉट पाय’ असं साधं नाव देणार. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत त्याच नावाचं मॉड्यूल आहे. फ्लास्क इम्पोर्ट होताना डेसिमल मॉड्यूल येतं आणि डेसिमल हे नंबर्सला आधीच आणून बसवतं. तुमच्या लोडरने ‘नंबर्स’ मागितलं की पायथन ते तयार मॉड्यूल हातात देतो आणि एरर येते की त्यात ‘अक्षरी’ नाही. फाइल समोर दिसते, फंक्शन समोर दिसतं आणि तरी सापडत नाही. शोधत बसा भिया.

रामबागी
पाथमध्ये घालायचं कशाला? इम्पोर्टलिब डॉट यूटिलमधलं स्पेक-फ्रॉम-फाइल-लोकेशन वापरा आणि मॉड्यूलला ‘पावती_प्लगिन_मराठी’ असं आपलं नाव द्या. टक्कर संपली.

कोरडं जिरावण
नावाची संपली, मान्य. फाइलला बाहेरची एखादी लायब्ररी लागली तर ती कोण बसवणार? तुमचं फोल्डर पिपला, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरला, दिसतच नाही. सर्व्हरवर नेमकी कुठली आवृत्ती चालू आहे हे पिप फ्रीझच्या यादीत दिसणार नाही. आणि मागची आवृत्ती परत आणायची तर ‘मराठी_नवीन_२_फायनल डॉट पाय’ अशा फाइली चाळायच्या.

छप्पनवाला
व्हीलचा बाऊ करण्याइतकं काम नाही हो. सगळं मिळून तीन फाइली.

‘एसआरसी’ फोल्डरच्या आत ‘पावती_मराठी’ हे पॅकेज. त्यात इनिट फाइल आणि शब्दांची एक जेसन फाइल. बाहेर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. त्यात बिल्ड-सिस्टमखाली हॅचलिंग (व्हील बांधणारं साधन), प्रोजेक्टखाली नाव, व्हर्जन आणि पायथन किमान ३.१०. नंतर एंट्री-पॉइंट्सचा, म्हणजे प्लगिनचं फंक्शन कुठे आहे ते ॲपला सांगणारा भाग, ग्रुप ‘पावती.अक्षरी’, खाली एकच ओळ: मराठी = ‘पावती_मराठी:अक्षरी’. कोलनच्या डावीकडे मॉड्यूल, उजवीकडे फंक्शन. (इथे नावं देवनागरीत लिहितोय, पण पॅकेजचं नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं.) फ्लास्कची व्हर्जन दोन बरोबरच्या चिन्हांनी एकाच आकड्याला बांधू नका. दोन प्लगिननी दोन वेगळ्या व्हर्जन बांधल्या की पिप दोन्ही एकत्र बसवायला नकार देतं.

ॲपच्या बाजूला इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटामधल्या एंट्री-पॉइंट्सना ग्रुपचं नाव द्यायचं आणि मिळेल ते एकेक लोड करायचं. प्रत्येक लोड स्वतंत्र ट्राय-एक्सेप्टमध्ये असावं. नाहीतर हिंदीचं प्लगिन मोडलं म्हणून मराठीच्या पावत्याही अडतील. जुन्या लेखांमधला कोड उचलू नका. तिथे याच फंक्शनकडून डिक्शनरी घेतलेली असते आणि ३.१२ पासून तो प्रकार बंद झाला आहे.

खरा घोटाळा जेसनचा होतो. पिप इन्स्टॉलला ‘हायफन ई’ लावून काम करताना पायथन तुमच्याच फोल्डरमधून वाचतो, त्यामुळे जेसन सापडते. व्हीलमध्ये ती गेली का, हे त्यावरून कळत नाही. सेटअपटूल्स या दुसऱ्या बिल्ड साधनाला अशा फाइली पॅकेज-डेटात सांगाव्या लागतात. हॅचलिंग आपणहून घेतं, पण गिटइग्नोरमधलं (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीतलं) सगळं वगळून. त्यात कुणी ‘स्टार डॉट जेसन’ लिहून ठेवलं असेल तर शब्द गेले, आणि बिल्ड चकार शब्द काढत नाही. व्हील म्हणजे शेवटी झिप. पायथन हायफन एम झिपफाइल हायफन एल लावून आतली यादी डोळ्यांनी बघा. मग कोऱ्या व्हेन्वमध्ये (पायथनच्या वेगळ्या वातावरणात), प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर उभं राहून व्हील बसवा आणि १०१ ची पावती काढा.

सराफा रात्री ११
१०१ च का, ते सांगायला हवं होतं. १०० ला शंभर, पण १०१ ला ‘शंभर एक’ नाही, ‘एकशे एक’. वर्गणीत तर १०१ आणि ५०१ च जास्त. शिवाय १ ते ९९ चे शब्द नियमाने बनवायला जाऊ नका. मराठीत ‘एकोण’चा नियम एकोणनव्वदपर्यंत टिकतो आणि ९९ ला मोडून नव्व्याण्णव होतं. हिंदीत ८९ लाच नवासी. ९९ शब्द हाताने लिहा.

माझ्या मते तुमचा वाद चुकीच्या जागी चाललाय. फोल्डर की व्हील हे नंतरही बदलता येतं. फंक्शनचा करार बदलणं महाग पडतं. ‘अक्षरी’ काय घेणार, पूर्ण रुपये की डेसिमल? पैसे कोण सांभाळणार? ‘फक्त’ हा शब्द प्लगिन लावणार की ॲप? आज इंट (पूर्णांक) ठरवलं आणि सहा महिन्यांनी पैसे आले, तर सगळी प्लगिन्स एकदम मोडतील. हे आधी लिहून काढा आणि ग्रुपच्या नावात आकडा घाला, ‘पावती.अक्षरी.१’.

रामबागी
करार आधी ठरावा, पटलं. पण रोजच्या कामाचं बोला. जेसनमधला एक शब्द दुरुस्त केला. फोल्डरमध्ये फाइल बदलून रीस्टार्ट केलं की काम संपलं. व्हीलला परत बिल्ड, परत इन्स्टॉल.

कोरडं जिरावण
आणि व्हर्जन वाढवायला विसरलात तर पिप म्हणणार की हीच आवृत्ती आधीपासून आहे, आणि जुनाच शब्द छापला जाणार. तेव्हा ०.१.१ करा. अगदी नडलंच तर फोर्स-रीइन्स्टॉल, सोबत नो-डेप्स, नाहीतर बाकीच्या लायब्रऱ्याही उगाच पुन्हा बसतात. रीस्टार्टचं म्हणाल तर ते दोन्हीकडे लागतंच. ॲप चालवणारा सर्व्हर गुनिकॉर्न प्रीलोडवर (कोड आधीच एकदा लोड करून) चालू असेल तर नुसता हप (पुन्हा लोड करण्याचा) सिग्नल नवा कोड उचलत नाही, पूर्ण बंद करून सुरू करावं लागतं. तुमच्या फोल्डरलाही ते चुकलेलं नाही.

छप्पनवाला
एक राहिलं. टॉमलमधली एंट्री-पॉइंटची ओळ बदलली तर हायफन ई असूनही पुन्हा इन्स्टॉल करा. ती ओळ फक्त इन्स्टॉलच्या वेळी वाचून डिस्ट-इन्फो या पॅकेजच्या माहितीच्या फोल्डरमध्ये उतरवली जाते. आणि फंक्शनचं नाव तिथे चुकलं तरी इन्स्टॉल बिनबोभाट होतं, बोंब लोडच्या वेळी उठते.

रामबागी
ठीक. डेटा फाइल असेल किंवा दुसऱ्या मशीनवर जायचं असेल तर व्हील. पायपीआय या पायथनच्या जाहीर पॅकेज-साठ्यावर मात्र चढवणार नाही. तिथे ०.१.० चुकीचं गेलं आणि पुसलं, तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढत नाही. पेनड्राइव्हवर व्हील, पिपला नो-इंडेक्स आणि फाइंड-लिंक्स, म्हणजे नेटवर न बघता याच फोल्डरमधून घे. मंडपात नेट नसलं तरी बसतं.

कोरडं जिरावण
अवलंबून असलेल्या लायब्रऱ्यांची व्हील्सही त्याच पेनड्राइव्हवर टाका. त्यांतलं एखादं सीमधून कंपाइल झालेलं असेल तर ते मंडपातल्याच पायथन व्हर्जनचं आणि त्याच ऑपरेटिंग सिस्टमचं आहे ना, ते फाइलच्या नावात वाचून घ्या.