‘लिटररी एजंट’ला मराठीत काय म्हणायचं?

नेरूळहून:
माझी पहिली कादंबरी लिहून झाली, तिचा इंग्रजी अनुवादही मीच केला आणि तो घेऊन मी आता लिटररी एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकापर्यंत नेणारा माणूस, शोधते आहे. मराठीत आपण हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे पाठवतो. हा माणूस आपल्या व्यवहारात फारसा कधी आलाच नाही, म्हणून त्याला शब्दही नाही. बाबांना सांगताना अडखळले. ‘एजंट’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे विम्याचा किंवा आरटीओच्या दारातला माणूस उभा राहतो. ‘मध्यस्थ’ म्हणून पाहिलं, तर म्हणाले, “मध्ये उभा राहणार, पण कुणाच्या बाजूने?” यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. नेमका शब्द सुचवाल का?

नौपाडा, ठाण्याहून:
ताई, बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मध्यस्थ तटस्थ असतो. तो भांडण मिटवतो, सोयरीक जुळवतो. एजंट तटस्थ नसतो, तो लेखकाचा असतो. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ए. पी. वॉट यांनी हा धंदा उभा केला, तेव्हा ते लेखकाच्या मिळकतीतून १० टक्के घेत. आज इंग्लंड-अमेरिकेत १५ टक्के घेतात, परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २०. पैसे लेखकाच्या वाट्यातून जातात, म्हणजे निष्ठाही लेखकाशीच हवी.

सरकारी मराठीत ‘अभिकर्ता’ आहे. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १८२मधली व्याख्याही चोख बसते: दुसऱ्यासाठी काम करणारा, किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना त्याचं प्रतिनिधित्व करणारा. पण हा शब्द फॉर्मवरच राहिला, कुणाच्या तोंडी बसला नाही. ‘दलाल’ मुळात अरबी, वाट दाखवण्याच्या अर्थाशी नातं सांगणारा. मराठीत मात्र त्याला इतके डाग पडलेत की आता कुणी तो आपणहून अंगावर घेणार नाही. ‘मुखत्यार’ तर मुळीच नको. मुखत्यारपत्र दिलं की समोरचा आपल्या वतीने सही करू शकतो. एजंट बोलणी करतो. प्रकाशकाशी झालेल्या करारावर सही लेखकानेच करायची.

मला सगळ्यात आवडतो तो जुना ‘वकील’. पेशव्यांचे वकील दिल्लीला, हैदराबादला परक्या दरबारात बसून आपल्या धन्याची बाजू मांडत. काम अगदी हेच. पण तो शब्द कोर्टाने कधीच नेला.

वाशीहून:
आमचा कांदा-बटाटा मार्केटात गाळा आहे. तुम्ही वर्णन करताय तो सरळ सरळ अडत्या आहे. माल शेतकऱ्याचा, गाळा अडत्याचा. अडत्या माल विकत घेत नाही, शेतकऱ्याच्या वतीने विकतो. पैसे माल घेणाऱ्याकडून आधी अडत्याकडे येतात, तो पूर्वी आपली अडत कापून बाकीचे शेतकऱ्याला द्यायचा. सोबत पट्टी जाते: गोण्या किती, वजन किती, भाव काय, खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं आणि शेवटी हातात काय. शेतकरी पट्टी वाचूनच ठरवतो, पुढची गाडी याच गाळ्यावर पाठवायची की नाही. २०१६ साली नियम बदलला आणि फळं-भाजीची अडत खरेदीदारावर गेली, पण शब्दाचा जुना अर्थ घरोघर माहीत आहे. तुमच्या बाबांनाही असेल.

नेरूळहून:
दादा, माहीत काय, आमचा कांदा जुन्नरहून वाशीलाच यायचा! तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी इतके दिवस सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात एकाने माझी पहिली तीन प्रकरणं वाचण्यासाठी ८,००० रुपये आगाऊ मागितले होते. नाव दिलं होतं ‘मूल्यमापन शुल्क’, आणि शब्द इतका भारदस्त होता की मी पैसे भरायच्या बेतात होते. बाबा म्हणाले, “गोणी उतरवायच्या आधी पैसे मागतो, तो कसला अडत्या?” पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की इंग्लंड-अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनाही वाचनाचे पैसे घेणं अमान्य करतात. कमाई पुस्तक विकल्यावर, त्या टक्केवारीतूनच.

नौपाडा, ठाण्याहून:
पैसे भरले नाहीत, फार बरं केलंत. अडत्या शब्दाने मला जिंकलंच होतं, पण एका जागी तो अडतो. कांदा विकला की गेला. पुस्तक तसं जात नाही. एजंट तुमची संहिता विकत नाही, तिचे हक्क सुटे सुटे देतो: इंग्रजी छापील, ऑडिओ, दुसऱ्या भाषा, चित्रपट, प्रत्येकाची मुदत आणि मुलूख वेगळा. म्हणून ‘हक्क विकले’ असं लिहू नका, ‘हक्क दिले’ लिहा. हा निव्वळ शब्दाचा हट्ट नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात. करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता. मराठीत ‘एका आवृत्तीपुरते हक्क’ म्हणायची आपली पद्धत आहे. ‘पुरते’ हे शब्दयोगी अव्यय करारात जपा.

वाशीहून:
पटलं. मात्र पट्टी सोडू नका. फळबाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटांनी ठरायचा आणि मालकाला दिसायचा तो फक्त पट्टीवरचा आकडा. एजंटाला विचारा, कोणी काय देऊ केलं ते सगळं दाखवशील ना?

नेरूळहून:
विचारणार. परवा जयपूरच्या ‘सियाही’ या एजन्सीबद्दल वाचलं. पाठवण्याआधी प्रत्येकाचे नियम आधी वाचून घेते आहे. सध्या ‘सिनॉप्सिस’पाशी अडकले आहे. त्याला ‘सारांश’ म्हणावं का?

नौपाडा, ठाण्याहून:
‘कथासार’ म्हणा. मलपृष्ठावरच्या मजकुरात शेवट झाकतात, कथासारात तो सांगावाच लागतो. आणि एजंटासाठी माझं मत ‘लेखक-प्रतिनिधी’ला. ‘साहित्य-प्रतिनिधी’ म्हटलं की तो कुणाचा, हे पुन्हा धूसर होतं.

नेरूळहून:
वहीत ‘लेखक-प्रतिनिधी’ लिहून घेतलं. बाबा मात्र काल फोनवर काकांना सांगत होते, “पोरगी पुस्तकासाठी अडत्या बघतेय, चांगला.”