भिडे पूल आणि बाकीचे

कोणीतरी विचारलंय की पुण्यातला मुठा नदीवरचा भिडे पूल दरवर्षी पाण्याखाली जातो तर बांधला कशाला. अहो तो मुळात ठेंगणाच पूल आहे, उरलेलं वर्षभर डेक्कनहून नारायण पेठेत पटकन जायला बरा पडतो. खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग वाढला की बॅरिकेड लागतात, आणि पाणी ओसरलं की कठड्यात जलपर्णी नि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, वर चिखलाचा थर, त्यातून पहिली दुचाकी कोण घालतो याचीच जणू शर्यत. मला खरं कौतुक नव्या पुलाचं, म्हणजे शिवाजी पुलाचं, १९२३ चा दगडी पूल, १९६१ चा पानशेत धरण फुटल्याचा पूर अंगावर घेऊन आजही पीएमटीच्या बस झेलतोय (शहर बससेवेचं आताचं नाव पीएमपीएमएल, पण ते म्हणायची सवय काही लागत नाही). नदीपात्रात गाड्या लावणाऱ्यांनी मात्र पावसाळ्यात विसर्गाचे आकडे बघत जा राव.