मदत हवी आहे: आईचं पोट, इसबगोल आणि काकूंचा काढा
नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो. आई ६४ वर्षांची, जुना संधिवात, त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध). हल्ली पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही, मग असं फुगतं की संध्याकाळी परकराची नाडी सैल करावी लागते.

इसबगोल सुरू केलं तर गॅसच वाढले. चूक माझीच. एकदम दोन चमचे, तेही अर्धा कप पाण्यात. पिईपर्यंत त्याची खळ झालेली! आता एकच चमचा, मोठा पेलाभर पाणी. तेही रात्री, कारण पहाटेची थायरॉइडची गोळी त्याच्याबरोबर नीट शोषली जात नाही.

घरचं ताक सोसतं. पण प्रोबायोटिकच्या कॅप्सूल? प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना जिवंत जंतू द्यावेत का? त्यात शेजारच्या काकू गुळवेलीच्या काढ्यासाठी मागे लागल्यात. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते, आणि मेथोट्रेक्सेटचा ताण यकृतावर असतोच. तो काढा मी सरळ नाकारलाय, काकू रुसल्या तरी चालेल.

डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारी आहे. कुणाच्या घरी हेच औषध चालू असेल तर कॅप्सूलबद्दल तुम्हाला काय सांगितलं? आणि नाचणी, भिजवलेल्या मनुका यांनी फरक पडायला किती दिवस लागले?