'रॉक अराउंड द क्लॉक' आणि ते २१ डॉलर
बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' हे रॉक अँड रोल गाणं बाजारात आल्या आल्या गाजलं, असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. मे १९५४ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने ते काढलं तेव्हा ते तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूला 'थर्टीन विमेन' (आज आठवतंय कुणाला?). खप बेताचाच. मार्च १९५५ ला 'ब्लॅकबोर्ड जंगल' हा चित्रपट लागला, श्रेयनामावलीवर हे गाणं दणदणलं आणि जुलैत बिलबोर्डच्या (अमेरिकेतली लोकप्रिय गाण्यांची यादी) पहिला नंबर, तोही ८ आठवडे.

पण त्यातल्या गिटारबद्दलही बोलायला हवं. १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण होतं, त्यातला बराचसा वेळ 'थर्टीन विमेन'नेच खाल्ला. ह्या गाण्याच्या वाट्याला शेवटची घाईगर्दी. मग गिटारवादक डॅनी सेड्रोनने १९५२ साली हेलीच्याच 'रॉक द जॉइंट' या गाण्यात वाजवलेला सोलो (गिटारचा एकट्याचा तुकडा) जवळजवळ जसाच्या तसा उचलून इथे वाजवला. दोन्ही लागोपाठ ऐका, शेवटी सूर भराभर खाली घसरत येतात ती जागा लगेच सापडेल. बिदागी मिळाली २१ डॉलर. आणि चित्रपट यायच्या कितीतरी आधी, जून १९५४ मध्येच, जिन्यावरून पडून सेड्रोन गेला.