दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथेचे उत्तर नाही. ती दुसरीकडे पाठवावी का?

धुऱ्यावरचा (आर्णी, जि. यवतमाळ)
जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर, मी पुण्याच्या एका दिवाळी अंकाकडे ईमेलने कथा पाठवली. मर्यादा तीन हजार शब्दांची होती आणि माझी कथा २,९०० शब्दांत बसली. आता सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या, तरी होकार नाही, नकार नाही आणि कथा मिळाल्याची पोचही नाही. तीच कथा दुसऱ्या अंकाकडे पाठवली तर ते गैर ठरेल का?

आणखी एक खंत आहे. मागच्या वर्षी एका पुरवणीत माझी कथा छापून आली, तेव्हा तिच्यातला ‘धुरा’, म्हणजे आमच्या वऱ्हाडीत दोन शेतांमधली हद्द, सगळीकडे ‘बांध’ झालेला होता. ‘धुरा’ म्हणजे केवळ सांभाळायची जबाबदारी, असे तिथे कोणाला तरी वाटले असावे. दोन भावांचे सगळे भांडण ज्या धुऱ्यावरून पेटते, तोच कथेतून गेला.

निवृत्त गुरुजी (वाशीम)
आमच्या काळी परतीच्या पाकिटाला तिकीट लावून हस्तलिखित पाठवावे लागे आणि महिना-दोन महिन्यांत ते ‘साभार परत’ अशी चिठ्ठी घेऊन घरी येई. पोस्टमन पाकीट देताना चेहऱ्याकडे पाहत नसे, एवढी त्याला सवय झाली होती. नकार कडू होता, पण कथा मोकळी होत असे. आता मौनातूनच नकार ओळखावा लागतो.

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम ठरून गेला आहे, आणि त्या हंगामात छोट्या अंकांच्या संपादकाकडे उत्तरे लिहायला वेगळा माणूस नसतो, हेही समजून घ्यावे. तरीही न कळवता कथा दोन ठिकाणी देऊ नका, कारण ती दोन्हीकडे छापली गेली तर दोन्ही दारे बंद होतात. आधी दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे. आठवडाभरात उत्तर न आल्यास कथा मागे घेत असल्याचे लेखी कळवावे आणि मगच ती दुसरीकडे पाठवावी.

अक्षरजुळणीवाली (अमरावती)
भाऊ, कथा कोणत्या फॉन्टमध्ये पाठवली होती? मी पंधरा वर्षे अंकांची अक्षरजुळणी करते. तालुक्याच्या ठिकाणी अजूनही पुष्कळ जण कृतिदेवमध्ये टंकलेखन करून देतात आणि ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही, त्याला पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसतात. असे मजकूर न वाचताच बाजूला पडलेले मी पाहिले आहेत. कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा.

‘धुरा’बद्दल सांगायचे, तर मुद्रितशोधकाला दोष देण्याआधी कथेसोबतच्या पत्रात एक ओळ लिहावी की, संवादांतील व निवेदनातील वऱ्हाडी शब्द हेतुपुरस्सर ठेवले आहेत, बदल करायचा झाल्यास कृपया विचारावे. अशी ओळ असली की मी स्वतः पेन्सिल बाजूला ठेवते.

वकीलताई (पुसद)
कोणी संमतिपत्र पाठवले, तर सही करण्याआधी ते नीट वाचा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत आणि लेखी करारात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. फक्त एका अंकापुरती परवानगी द्यावी, म्हणजे पुढे कथासंग्रह काढताना कोणाकडे हात पसरावा लागणार नाही. ‘कथा घेऊ, पण दहा अंक विकत घ्या’ असे कोणी म्हटले, तर ती निवड नव्हे, विक्री आहे.

धुऱ्यावरचा
सर्वांचे आभार. अक्षरजुळणीवाल्या ताई, तुमचा अंदाज खरा निघाला. बसस्टँडजवळच्या केंद्रावर कथा टाईप करून घेतली होती आणि ती कृतिदेवमध्येच होती. स्मरणपत्राला संपादकांचे दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: फाईल उघडली, पण काही वाचता आले नाही, दिवाळी अंकाची पाने भरली आहेत, युनिकोडमध्ये पाठवल्यास जानेवारीच्या अंकासाठी वाचू. गुरुजी म्हणतात तशी कथा मागे घेणार होतो, पण आता जानेवारीपर्यंत त्यांच्याकडेच ठेवतो. पोरीच्या मोबाईलवर रोज रात्री दोन पाने नव्याने टाईप करतो आहे. पत्रात धुऱ्याची ओळ सगळ्यात वर लिहिली आहे.