मदत हवी आहे : एमजीबीचे जुने पेट्रोल पाइप – किती बदलावेत आणि पुण्यात कुठे?

नमस्कार. माझ्याकडे १९७० ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. गाडी कोथरूडला असते, एखाद्या रविवारी सकाळी मुळशीपर्यंत जाऊन येते आणि एरवी सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये झाकलेली असते. गेल्या पावसाळ्यापासून फेरी मारून आल्यावर काही वेळाने बॉनेट उघडले की पेट्रोलचा स्पष्ट वास येतो, मात्र जमिनीवर किंवा इंजिनवर थेंब कधीही दिसलेला नाही.

या गाडीत टाकीपासून एस.यू. पंपापर्यंत (गाडीतला विजेवर चालणारा, पेट्रोल खेचणारा पंप), पंपापासून लोखंडी नळीपर्यंत, पुढे त्या नळीपासून कार्ब्युरेटरपर्यंत आणि दोन्ही कार्ब्युरेटरांच्या मध्ये असे रबरी तुकडे आहेत. त्यांवर सुती विणीचे वेष्टन असल्यामुळे आतले रबर दिसत नाही आणि वरून सगळे ठाकठीक वाटते. हाताने वाकवून पाहिले तेव्हा मागच्या बाजूचे तुकडे क्लिपजवळ लाकडासारखे कडक लागले, तर कार्ब्युरेटरांमधला तुकडा उलट मऊ आणि किंचित फुगलेला आहे. आणखी एक लक्षण म्हणजे चावी फिरवल्यावर पंप टिकटिक करून थांबतो खरा, पण इंजिन बंद असतानाही थोड्या थोड्या वेळाने एखादी टिक ऐकू येते.

आमच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की फुगलेला एक तुकडा बदलला की काम झाले. मला ते पटत नाही, कारण या १७९८ सीसी इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्ब्युरेटर जवळजवळ एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतात. तिथे गळती झाली तर पेट्रोल नेमके कुठे पडेल हे सांगायला नको. शिवाय ज्या काळात हे रबर घडवले गेले तेव्हा पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. सर्व रबरी तुकड्यांबरोबर गाडीखालून जाणारी लोखंडी नळीही बदलावी का? नाना पेठेत दाखवलेल्या पाइपांवर कोणताही छाप नव्हता आणि दुकानदार त्यांना सरसकट ‘पेट्रोल पाइप’च म्हणतात, मग योग्य पाइप ओळखायचा कसा? भोसरीतील हायड्रॉलिक पाइप करणारे एक कारागीर तांब्याची नळी वाकवून द्यायला तयार आहेत. तांबे चालेल का?

प्रतिसाद –

सर्वप्रथम, काम होईपर्यंत गाडी तळघरात ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साठते. याच कारणाने हे काम गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून कोणी करू लागला, तर त्याला थांबवा. सीटमागच्या बॅटऱ्यांची जोडणी आधी काढावी, कारण पंप तिथून फार लांब नाही आणि त्याच्या आतल्या कॉन्टॅक्ट पॉइंटना ठिणगी पडते.

अधूनमधून येणाऱ्या टिकेचा अर्थ, बहुधा पंपाच्या पुढे कुठेतरी पेट्रोल निसटते आहे. (पंप न थांबता भराभर वाजत राहिला असता, तर टाकी ते पंप या भागात हवा शिरत असल्याचा संशय घेतला असता.) दोन्ही फ्लोट चेंबरांच्या (कार्ब्युरेटरांना लागून असलेल्या पेट्रोलच्या वाट्यांच्या) ओव्हरफ्लो नळ्यांची टोके पाहा. ती ओली असतील तर दोष नीडल व्हॉल्व्हचा (चेंबरमध्ये येणारे पेट्रोल रोखणाऱ्या झडपेचा), कोरडी असतील तर पाइपांचा किंवा जोडांचा.

रबरी तुकडे मात्र सगळेच बदला, कारण एकाच वयाच्या चार पाइपांपैकी एक बदलून उरलेल्या तिघांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. काढलेला तुकडा ब्लेडने उभा चिरून आतून पाहा, मेकॅनिकशी वाद घालण्याची गरज उरणार नाही. नवा पाइप घेताना त्यावर ‘एसएई जे ३० आर ९’ (SAE J30 R9, हे इंधन पाइपांचे अमेरिकी मानक) असे छापलेले हवे. तुमच्या पंपाचा दाब जेमतेम दोन-तीन पीएसआय आहे, त्यामुळे दाबाच्या हिशेबाने त्याच मानकातला साधा आर ६ देखील पुरला असता. आर ९ घ्यायचा तो त्याच्या आतल्या फ्लुरोइलास्टोमर या कृत्रिम रबराच्या अस्तरासाठी, जे इथेनॉलला दाद देत नाही. छाप नसलेला पाइप कितीही जाड असला तरी घेऊ नका, आणि पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तर मुळीच नको. विणीचे वेष्टन शोभेचे असले, तरी तडे झाकते. क्लिप काठ गुळगुळीत असलेल्या घ्याव्यात. खाचा असलेल्या पट्टीची क्लिप आवळताना रबर कापते.

लोखंडी नळी सरसकट बदलू नये. ज्या पकडींनी ती बुडाला बसवलेली असते, त्या सोडवून नेमकी त्यांच्याखालची जागा पाहावी, कारण आपल्या पावसाळ्यातला चिखल तिथेच अडकतो आणि गंज तिथेच खोल जातो. खड्डे पडलेले दिसले तर पूर्ण नळी बदला, पण तांब्याची नको, कारण सततच्या कंपनाने तांबे कडक होऊन तडकते. त्याच कारागिराकडून कुप्रो-निकेलची (तांबे-निकेलच्या मिश्रधातूची) करून घ्या आणि टोकांना गोल उठाव काढायला सांगा, म्हणजे पाइप सरकणार नाही.

झाल्यावर इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा आणि प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू कागद फिरवून पाहा. इथेनॉलमुळे टाकीतला जुना चिकट थर सुटतो, त्यामुळे फिल्टरही आताच बदला.

मूळ प्रश्नकर्ता –

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. ओव्हरफ्लोची दोन्ही टोके कोरडी आहेत. कार्ब्युरेटरांमधला तुकडा काढून चिरला, तर आतील पृष्ठभाग बोटाला काळा चिकटतो आणि क्लिपच्या जागी तडा जवळजवळ वेष्टनापर्यंत पोहोचलेला आहे. गाडी आता वरच्या उघड्या जागेत आणून ठेवली आहे. एक शंका उरते : टाकीच्या तोंडाला जोडणारा जाड रबरी पाइप आणि पेट्रोलच्या काट्याच्या सेंडरखालची (टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाखालची) रबरी रिंग याच वेळी बदलावी का? डिकीत वास येत नाही, परंतु टाकी एरवी अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली नसते.

प्रतिसाद –

बदला. टाकी एरवी कमी भरलेली असते, म्हणूनच वास आलेला नसावा. रिंग बदलायची तर टाकी जवळजवळ रिकामी हवी, तेव्हा तोवर पेट्रोल भरू नका.