वावर विकून पोरगं शिकवलं, पण वावर होतं कोणाचं?

वावरवाला (दारव्हा)
काल इथं एका भाऊनं लिहिलं, "वावर विका पण पोरगं शिकवा, एका पिढीत घर वर येते." खाली शंभर जणांचं वा वा. मले रात्री झोप नाही लागली, म्हणून लिहितो.

माह्या बापानं २०११ साली साडेतीन एकर काळी जमीन विकली, माह्या इंजिनिअरिंगसाठी. कॉलेजातल्या लेथ मशीनवर चार वर्षं कव्हर होतं, एकदाही निघालं नाही. पास झालो, चाकणले कंत्राटावर लागलो, महिन्याचे १२ हजार. खोली, मेस, गावी येण्याचं भाडं काढून काय उरते? तीन वर्षांत वापस आलो. आता उरलेले दोन एकर अन् काकाचं वावर मक्त्यानं (ठरलेल्या पैशावर भाड्यानं) करतो. ज्यानं आमचं साडेतीन एकर घेतलं, तो दरसाल त्यातून कापूस घरी नेते.

गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं शिक्षणाले भांडवल म्हटलं, १९९२ मध्ये नोबेल भेटलं. असन. पण सातबारा दाखवला तर बँक पीककर्ज देते. डिग्री दाखवून मले खताची एक थैली उधार भेटत नाही. अन् एका पिढीचं काय सांगता? ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना, तिच्या २०१८ च्या अहवालात भारतातल्या गरीब घराले सरासरी उत्पन्नापर्यंत पोचाले सात पिढ्या धरल्या हायेत. डेन्मार्कले दोन.

निवृत्त मास्तर (दर्यापूर)
भाऊ, तुमचं दुःख समजतं, पण निष्कर्ष पटत नाही. माझे आईवडील दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचे. विकायला आमच्याकडे गुंठाही नव्हता. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत शिक्षण संस्था काढली, शाळा खेड्यापर्यंत नेल्या, म्हणून आमच्यासारख्यांना पाटी दिसली. वसतिगृहात राहून डी.एड. केलं. आज मुलगी बँकेत आहे. तुम्ही सात पिढ्या म्हणता, आम्हाला एक पुरली. दोष द्यायचा तर त्या कॉलेजला द्या.

वावरवाला
गुरुजी, तुमच्या काळात डी.एड.च्या निकालामागं नोकरीची ऑर्डर यायची. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. अभ्यासिकेत तिशी ओलांडलेले पोट्टे बसून हायेत. तुमची गोष्ट तुमच्या काळाची हाये.

निवृत्त मास्तर
नोकऱ्या आटल्या, तेवढं मान्य. त्यापुढं एक शब्द मान्य नाही.

पुण्यातला वऱ्हाडी
आधी हे सांगा, शेती करणाऱ्या पोराला मुलगी कोण देतं? माझे तीन मित्र पस्तिशीचे आहेत. ओलिताचं वावर, घर बांधलेलं, तरी लग्न जुळत नाही. मुलींना पुण्याचाच नवरा पाहिजे. डिग्री नसेल तर बायोडाटा वाचतही नाहीत.

अंगणवाडीवाली (आर्णी)
पुण्याच्या भाऊ, मुलींच्या नावानं बोटं मोडायच्या आधी माझं ऐका. दादाच्या शिक्षणासाठी बाबांनी दोन एकर विकलं. मला बारावी सायन्सला ८१ टक्के होते. मला सांगितलं, पोरीच्या शिक्षणाला पैसा नाही. ते वावर आजोबांचं, वडिलोपार्जित. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभरात २००५ पासून त्यात मुलीचा जन्मानं हिस्सा आहे. म्हणजे दादाची डिग्री माझ्याही हिश्शातून झाली. उरलेल्या वावरासाठी लग्नानंतर हक्कसोडवर सही घेतली, साडीचोळी देऊन. आता ज्या मुलीनं आईला उन्हात कापूस वेचताना पाहिलं, ती शेतीतला नवरा नको म्हणते, तर तुम्हाला राग येतो?

पुण्यातला वऱ्हाडी
विषय शिक्षणाचा आहे ताई, वाटणीचा नाही.

अंगणवाडीवाली
विषय तोच आहे. "वावर विका, पोरगं शिकवा" या वाक्यात पोरगी कुठं आहे? दारव्ह्याचे भाऊ, तुमच्या बहिणी किती? त्या साडेतीन एकराच्या खरेदीखतावर त्यांच्या सह्या होत्या ना?

वावरवाला
घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नका. माह्या बहिणीनं राजीखुशीनं सही केली.

निवृत्त मास्तर
ताईंचा प्रश्न उद्धट नाही. मीही दोन्ही बहिणींना सातवीनंतर घरी बसवलेलं पाहिलं. "आम्हाला एक पिढी पुरली" लिहिताना त्या दोघी माझ्या डोक्यात नव्हत्या. त्यांच्या घरी आजही मजुरीच आहे.

वावरवाला
दोन दिवसांनी लिहितो. बहीण नववीत होती, तेव्हा शाळा सुटली. सहीच्या वेळी तिले कागद वाचूनही दाखवला नाही, हे खरं हाये. पण वावर विकणं चुकलं, हे माह्यं म्हणणं मी सोडत नाही. आता तिची पोरगी बारावीले हाये. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर मुलींची फी माफ, असं ऐकलं. कोणाले माहीत असन तर सांगा.

अंगणवाडीवाली
ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटात बसत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून घेतला, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यात नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. खोली आणि मेसचा खर्च मात्र या फी-माफीत येत नाही. तो कोण देणार, हे बहिणीसमोर बसून ठरवा.